निळ्या कव्हरची सायकल

डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला.

"अण्णा, काय जादू केलीत? साखर उतरली, प्रेशर जागेवर आलं. मागच्या खेपेला मी तुम्हाला इंजेक्शनं सुरू करायच्या बेतात होतो."

अण्णा खुर्चीत ताठ बसले होते. मांडीवर टोपी, टोपीवर दोन्ही हात. "जादू कसली? चालतो. सकाळी निघतो तो जेवायच्या वेळेला घरी. ऊन उतरलं की परत बाहेर."

"कंटाळा नाही येत?"

"कंटाळून भागतंय होय! सायकल शोधतोय ना."

शेजारच्या स्टुलावर बसलेल्या सुनेने पर्सची चेन उघडली आणि लावली. आत बघितलं मात्र नाही.

"चोरीला गेली हो," अण्णा सांगू लागले. "ऐन घरासमोरून. उभा जन्म त्या सायकलवर बसून मी लोकांचे विजेचे मीटर वाचले, मला एक गल्ली माहीत नाही असं नाही. म्हटलं, चोर काही सायकल खिशात घालून नेणार नाही. असेल कुठेतरी उभी."

डॉक्टर मोठ्याने हसले. "तो चोर भेटला तर माझ्याकडे पाठवा. नोकरी देतो त्याला! चाला, चाला म्हणून माझा घसा सुकला, तेव्हा तुम्ही ढिम्म हलला नाहीत. त्याने एका फटक्यात काम केलं."

सून हसली. हसायलाच हवं होतं.

सायकल तिच्या भावाच्या दुकानामागे, रंगाच्या रिकाम्या डब्यांच्या आडोशाला उभी होती. अण्णांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, मागून येणारा ट्रक वेळेत कळायचाही नाही. एके दिवशी ते कोपर सोलून दारात आले आणि वर हसत म्हणाले, "थोडक्यात चुकलं बघ." त्यानंतर तिने भावाला बोलावून सायकल गुपचूप घराबाहेर काढली. मनात वाईट काही नव्हतं. पण अलीकडे देवापुढे हात जोडून डोळे मिटले की देवाच्या आधी ती सायकलच समोर उभी राहायची.

"बरं, ते असू द्या." अण्णांनी खुर्ची पुढे ओढली आणि आवाज खाली आणला. "मला एक वेगळंच विचारायचंय. विसरभोळेपणावर काही गोळी असते का हो?"

"का? काय विसरलात?"

"कुलूप. सायकलला कुलूप लावल्याशिवाय मी कधी आत पाऊल टाकलं नाही. त्या दिवशीही लावलं असंच वाटतंय, अगदी हाताला आठवतंय. पण लावलं असतं तर गेली कशी?" त्यांनी खिशातून छोटी किल्ली काढून टेबलावर ठेवली. "म्हणजे लावलं नव्हतं. आज कुलूप विसरलो, उद्या घर विसरेन. त्याची भीती वाटते. पडायची नाही वाटत."

सुनेने त्या किल्लीकडे पाहिलं. कुलूप लावलेलं होतं. भावाने मागचं चाक उचलून सायकल टेम्पोत चढवली, तेव्हा तिने ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

"अण्णा, तुम्ही विसरला नव्हतात..." तिच्या तोंडून निघालंच.

"बघा, ही अशी." अण्णांनी कौतुकाने डॉक्टरांकडे पाहिलं. "सासऱ्याची चूक पदरात घेते. घरात एका शब्दाने कुणी बोललं नाही मला."

"नशीबवान आहात," डॉक्टर म्हणाले. "वयाप्रमाणे थोडं विसरायला व्हायचंच, त्याला गोळी नको. आणि ताई, एक लक्षात ठेवा, सायकल मिळो न मिळो, यांचं हे शोधणं थांबू देऊ नका. औषधाच्या वर काम केलंय त्याने."

तिने मान हलवली. टेबलावरची किल्ली उचलून अण्णांच्या हातात दिली.

दवाखान्याबाहेर फूटपाथच्या कडेने सायकलींची लांब रांग लागली होती. अण्णांनी टोपी घातली आणि पहिल्याच सायकलपाशी वाकले.

"चला ना घरी, अण्णा. ऊन किती झालंय."

"एवढी रांग बघू आणि जाऊ. सीटचं कव्हर बघायचं फक्त. निळं. तुला काय सांगायचं, तूच शिवून दिलंयस. मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, दुहेरी टीप आहे, सुनेच्या हातची, उसवायची नाही." ते पुढच्या सायकलकडे सरकले. तिथून त्यांनी पलीकडे बोट दाखवलं. रस्त्याच्या त्या बाजूलाही तेवढीच रांग होती. "माझा एकच डोळा कामाचा. तुझे दोन्ही धड आहेत. तू त्या बाजूने बघत ये."

ती जागच्या जागी उभी राहिली. मग रस्ता ओलांडून पलीकडे गेली आणि पहिल्या सीटवर वाकली. काळं कव्हर. दुसरं फाटकं. तिसऱ्याला कव्हरच नव्हतं.

"दिसली का गं?" रहदारीच्या वरून अण्णांचा आवाज आला.

"नाही, अण्णा," ती म्हणाली, आणि चौथ्या सायकलपाशी गेली.