सातवा नंबर

दादाची सीट गाडीतून काढायला मेकॅनिकना चार मिनिटं लागली. ती मिळवायला दादाला अकरा वर्षं लागली होती, पण ते घड्याळ कुणी लावत नाही. सीट त्याच्या पाठीच्या मापाने घडवलेली, दुसऱ्या कुणाच्या उपयोगाची नाही. ती भिंतीला टेकवून ठेवली आणि तिच्या जागी दुसरी बसवली. ती दादाच्या सख्ख्या धाकट्या भावाची होती.

या हंगामात सहा शर्यती झाल्या आणि सहाही वेळा दादा सातवा आला. गाडी मात्र नवी कोरी, सगळ्यांत वेगवान म्हणून पेपरात फोटो छापून आलेली. दादा दर वेळी उतरला की एकच सांगायचा, जोरात गेली की ही उजवीकडे ओढते. मुख्य इंजिनियर बाई, जिला मागून सगळे ग्राफबाई म्हणत, दर वेळी स्क्रीन त्याच्याकडे वळवायची. सरळ रस्त्यावर स्टिअरिंगची रेघ बरोब्बर शून्यावर, सुतासारखी सरळ. गाडी ओढत असती तर रेघ वाकडी दिसली नसती का? नाचता येईना अंगण वाकडं, असं त्याच्या तोंडावर कुणी म्हणालं नाही एवढंच.

टीमचा मालक सभ्य माणूस. त्याने शांतपणे तोड काढली. आज सकाळी याच गाडीत, याच ट्रॅकवर धाकट्याने वीस फेऱ्या मारायच्या. दादापेक्षा जोरात गेला तर पुढच्या शर्यतीपासून गाडी त्याची, आणि दादाने घरी बसायचं. आईचा फोन आला तेव्हा ती दोघांनाही सांभाळून जा म्हणाली, आणि कोणासाठी हात जोडायचे ते न कळून तिने फोन ठेवून दिला.

हेल्मेट चढवायच्या आधी दादाने धाकट्याला बाजूला घेतलं. लांब सरळ रस्ता संपतो तिथे ब्रेक मारताना डाव्या हाताने ओढून धर, म्हणाला, उजवीकडे भिंत आहे. धाकटा कसनुसा हसला. आता तरी पुरे कर ना दादा, असं म्हणून तो गाडीत बसला.

बाईने दादाला बजावून ठेवलं होतं, ऐकायचं, पण रेडिओवर बोलायचं नाही. चाचणी चोख व्हायला हवी. म्हणून दादा कानाला हेडफोन लावून तिच्या खुर्चीमागे हाताची घडी घालून उभा राहिला. पहिल्या दोन फेऱ्या टायर तापवण्यात गेल्या. तिसऱ्या फेरीला धाकट्याने पाय दाबला, आणि नुसत्या आवाजावरून दादाला कळलं की हा पठ्ठ्या शेवटपर्यंत पाय उचलणार नाही.

खोटं कशाला बोला, एक क्षण दादाच्या मनात आलंच. जाऊ दे. आपटू दे. एकदाचं कळू दे सगळ्यांना. पुढच्याच क्षणाला त्याला स्वतःची शिसारी आली. त्याने बाईच्या समोरचा माइक ओढून घेतला.

"डावा हात. ओढून धर. आत्ता!"

टायरमधून धूर निघाला. गाडी उजवीकडे सरकली, तिचं एक चाक गवतात गेलं. भिंत हातभर राहिली असेल. मग गाडी कशीबशी वळली आणि रस्त्यावर आली. मालक खुर्चीतून उठला होता, तो दादाला फटकारायच्या बेतात होता.

बाई मात्र स्क्रीनकडे बघत होती. सरळ रस्त्यावर धाकट्याने हात सरळ धरले होते, आणि तरी रेघ शून्याच्या बरीच खाली, म्हणजे उजवीकडे गेली होती. तिने स्क्रीनची वायर तपासली, वायर ठीक होती. मग तिच्या लक्षात आलं. तिची पद्धतच तशी होती. शर्यतीच्या सकाळी गाडी सरळ रस्त्यावरून एकदा पळवायची, आणि तेव्हा स्टिअरिंग जिथे असेल त्याला शून्य म्हणायचं. सहाही सकाळी ते दादाच्या हातात होतं. तो डावीकडे ओढून गाडी सरळ ठेवायचा आणि मशीन त्या ओढण्यालाच सरळ समजायचं. आज शर्यत नव्हती, म्हणून तेच जुनं शून्य राहिलं होतं.

"शून्य माझं चुकलं," ती मालकाला म्हणाली.

मालकाने धाकट्याला परत बोलावलं. तो ऐकेना. नाक कापलं गेलं होतं ना, आता वीस पुऱ्या करणारच म्हणाला. उरलेल्या सतरा फेऱ्या दादाने माइक सोडला नाही. दर सरळ रस्त्याच्या शेवटी तो सांगायचा आणि धाकटा ओढायचा. तरीही त्याची सगळ्यांत चांगली फेरी दादाच्या फेरीपेक्षा दीड सेकंदाने मागे राहिली. एका फेरीला दीड सेकंद म्हणजे या खेळात शेवटून पहिला नंबर.

गाडी थांबली. धाकटा उतरला आणि तिथेच चाकाला टेकून खाली बसला. त्याच्या डाव्या हाताची बोटं उघडेनात. लहानपणी बूट काढून द्यायचा तसा दादाने खाली बसून त्याचा हातमोजा काढला. तळहात सोलवटला होता. धाकट्याने दादाचा डावा हात ओढून घेतला आणि उलटा केला. अंगठ्याच्या मुळाशी दगडासारखा घट्टा पडला होता.

"दादा," तो म्हणाला, "ह्या गाडीत तू सातवा आलास?"