शून्य आणि पाच

पारमिताला वाटलं, सेन्सर बिघडला.

बेळगावातल्या कंपनीचं काम ती रविवारी निपाणीला घरी घेऊन आली होती. फोनच्या वरच्या कडेला एक बारीक सेन्सर असतो. बोलताना फोन कानाशी नेला की तो ओळखतो. तिच्या फोनला आकडे दोनच कळायचे. काही जवळ आलं की शून्य, लांब गेलं की पाच. तिचं नवं अ‍ॅप ते आकडे वाचायचं आणि वेळेसकट लिहून ठेवायचं. अ‍ॅप चालू ठेवून तिनं फोन आईच्या खाटेवर, तिच्या उजव्या हाताशी टेकवला होता आणि आईचे कपडे पिशवीत भरायला घेतले होते.

उद्या सकाळी गाडी येणार होती. आईला, म्हणजे पारूबाईंना, बेळगावात अनगोळच्या एका सेवाकेंद्रात ठेवायचं ठरलं होतं. आठ महिन्यांपूर्वी लकवा मारला, तेव्हापासून त्या बोलल्या नव्हत्या. नजरही कुठं ठरत नव्हती. उजव्या हाताचा अंगठा तेवढा हलायचा. तो आपोआप हलतो, त्याला अर्थ नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. सकाळी खाटेपाशीच उभा राहून थोरला भाऊ प्रशिक म्हणाला होता, "तिला आता घर काय नि केंद्र काय. कळतंय कुठं?"

आता पडद्यावर शून्य, पाच, शून्य, पाच अशी ओळच्या ओळ उमटत होती. तिनं काच पुसली, फोन परत तिथंच ठेवला. मग तिला दिसलं. आईचा अंगठा सेन्सरवर येत होता, मागं जात होता.

तिनं नोंदी वर सरकवल्या. मध्येच चार-पाच सेकंद काही नव्हतं. मग पुन्हा ओळ. पुन्हा तेवढीच थांबण्याची वेळ. तिनं एका ओळीतली शून्यं मोजली. पंचवीस. पुढच्या ओळीतली मोजली. पंचवीस. त्याच्या पुढचीही पंचवीसच.



पारूबाईंनी तीस वर्षं विड्या वळल्या होत्या. पंचवीस झाल्या की दोरा गुंडाळायचा, जुडी बाजूला ठेवायची, पुढची धरायची.

पारमिता खाटेपाशी खाली बसली.

"आई, विड्या मोजतीस व्हय गं?"

अंगठा थांबला.

"व्हय असंल तर एकदा हलव. न्हाय असंल तर दोनदा."

शून्य. पाच. मग काहीच नाही.

तिचा विश्वास बसेना. तिनं मुद्दाम विचारलं, "माझं नाव मंगल हाय?"

शून्य, पाच. शून्य, पाच.

पारमिताच्या तोंडून हसू की रडू काय फुटलं, तिचं तिलाच कळलं नाही. आठ महिने दर सुट्टीला येऊन तिनं या अंगाला आंघोळ घातली होती, कूस बदलली होती, भरवलं होतं. आणि एवढे दिवस आई आत बसून जुड्या बांधत होती. एकही विडी चुकली नव्हती.

"सकाळी अण्णा बोलला, ते ऐकलंस?"

एकदा.



"उद्या जायचं तिकडं?"

अंगठा उचलला गेला, थरथरला. शून्य. पाच. पारमिता पडद्याकडं बघत राहिली. कितीतरी वेळानं, सगळा जोर लावल्यासारखा तो पुन्हा पुढं आला. दुसरं शून्य उमटलं.

तिनं फोनकडं हात नेला आणि तसाच मागं घेतला. दाराकडं तोंड करून तिनं हाक मारली, "अण्णा, गाडीवाल्याला सांग, उद्या येऊ नको म्हणून."

"तूच लाव की फोन," प्रशिक बाहेरून म्हणाला.

"मला न्हाय जमणार," ती म्हणाली. "माझ्या फोनवर आई बोलतीया."