सासूबाईंचा फोन

नाक्यावर पोलिसाने हात दाखवला. सुनेने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि परवाना दिला. त्यावरचं आडनाव पाहून पोलीस शेजारी बसलेल्या सासूबाईंकडे वळला. "संपाच्या पुढाऱ्याची आई ना तुम्ही? फोन द्या, पोरगा कुठे लपलाय बघतो." सासूबाईंच्या त्या धाकट्या मुलाने सकाळीच त्या फोनवर ठावठिकाणा कळवला होता. सासूबाईंनी फोन पुढे केला. सुनेने मधेच त्यांचा हात धरला. "साहेब, फोन तपासायचा तर कोर्टाचा आदेश लागतो." "लपवायचंय काही?" "परवाना मागितलात, दिला. फोन देणार नाही. आम्ही आता निघू का?" पोलिसाने तिला न्याहाळलं आणि परवाना परत केला. पुढच्या वळणावर तिने गाडी थांबवली. कपाळ स्टिअरिंगवर टेकवलं. सासूबाईंनी पाण्याची बाटली दिली. "घरात उलट बोलतेस ते मला खपत नाही. बाहेर मात्र बोलत जा."