टॉर्केलचं ऊन

"ते दिवे बंद करा," एम्ब्ला म्हणाली.

टीव्हीवाल्यांचे हात थांबले. सिक्स्टेनने चष्मा कपाळावर चढवला. कार्यक्रम त्याचा होता. थोड्याच वेळात सगळा स्वीडन हे चर्च बघणार होता.

"एम्ब्ला, तुझा बाप सिनेमाच्या कॅमेऱ्यामागचा, या देशातला सगळ्यात मोठा छायालेखक. त्याची शवपेटी लोकांना दिसायला नको?"

"दिसेल. ऊन आलं की."

"बाहेर बघितलंस का? फेब्रुवारीचं आभाळ आहे. नुसती राख!"

"बाबा उन्हासाठी थांबायचे. तुम्हीच लिहिलंय ना?"

लिहिलं होतं खरं. टॉर्केल गेला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, पेपरात. 'डोळा चांगला, पण श्रेय उन्हाचं. टॉर्केलने फक्त वाट पाहिली, आणि वाट कोणालाही पाहता येते.' एम्ब्लाने ते तुवाला पाजता पाजता वाचलं होतं. बाळाचं पोट भरेपर्यंत ती हलली नाही. मग रूनेकाकांना फोन लावून पोटभर रडली.

"अंधार प्रक्षेपित करू का मग?" सिक्स्टेनने विचारलं.

"करा. पण माझ्या बाबांच्या अंगावर तुमचा दिवा पडणार नाही."

चर्चची व्यवस्था बघणाऱ्या गुनवोरबाई कॉफीचं मोठं भांडं तापायला लावत होत्या. त्या तिथूनच ओरडल्या, "बरंच झालं! इथली वायरिंग माझ्या आजीच्या वेळची आहे. दिवे तरी लावा, नाहीतर कॉफी तरी प्या. दोन्ही लावलंत तर पाद्रीबुवांना काळोखात चाचपडावं लागेल."

कोणीतरी हसलं. दिवे विझले.

गुनवोरबाई पंखाखालचं पिल्लू बघावं तशा तुवाकडे वाकल्या. "अगं, हिची पांढरी चादर कुठाय? काल तर गाडीत होती."

"राहिली कुठेतरी."

"कमाल आहे तुझी! आणि बापाची पेटी वेदीसमोरून हलवून उत्तरेच्या खिडकीखाली नेलीस. त्या भिंतीचा गारठा हाडात शिरतो, माहितीये ना?" बोलता बोलता त्यांनी स्वतःची लोकरी शाल काढून बाळाला गुंडाळली.

लोक जमले. ओले बूट, काळे कोट, हातात एकेक फूल. सिक्स्टेनने बाकांवरून नजर फिरवली. "आणि रूने? जन्मभर टॉर्केलच्या कॅमेऱ्याच्या पेट्या उचलल्या, आणि आज तोंड दाखवायला नाही?"

"त्यांना गर्दीत गुदमरतं."

"छान मैत्री आहे!"

तुवाने एम्ब्लाचं बोट धरलं होतं. तिची इवली मूठ एम्ब्लाने हलकेच दाबली.

प्रक्षेपण सुरू झालं. पडद्यावर करड्या अंधाराशिवाय काही नव्हतं. सिक्स्टेन शवपेटीशेजारी उभा राहिला. बोलायला तो पटाईतच.

"कोळ्याची बायको पाव कापतेय, आणि खिडकीतून ऊन तिच्या हातावर येतं. तो प्रसंग जगाने पाहिलाय. त्या उन्हासाठी टॉर्केल बेटावर दिवसच्या दिवस बसून राहिला. इकडे घरी ही एम्ब्ला पाळण्यात होती. पण गडी हलला नाही. तो म्हणायचा, माझा दिवा ज्या दिवशी दिसेल, त्या दिवशी मी मेलो असं समजा." तो थांबला. वर राखाडी काचेकडे पाहून त्याने हात पसरले. "आज मात्र, मित्रा, ऊनसुद्धा तुला विसरलं."

मागच्या बाकांवर चुळबुळ झाली. सिक्स्टेन एम्ब्लाजवळ येऊन कुजबुजला, "पुरे हट्ट. लावू दिवे?"

"नाही."

"सगळा देश बघतोय, पोरी. तुझ्या बापाचा शेवट असा काळा?"

"गाणं सुरू करा," ती पाद्रीबुवांना मोठ्याने म्हणाली.

सगळे उभे राहिले. पहिलं कडवं संपलं, आणि काचेवर काहीतरी उजळलं. एकदम नाही. ढगाने अंग चोरून वाट द्यावी, तसं. फिकट पिवळा पट्टा भिंतीवरून उतरला, फुलांवर आला, शवपेटीच्या लाकडावर पसरला. लाकडातली एकेक रेषा दिसावी, इतकं स्वच्छ ऊन. ऑर्गनचा दम क्षणभर कोंडला. गुनवोरबाईंनी खिडकीकडे पाहिलं, मग एम्ब्लाकडे पाहिलं, आणि वळून गुपचूप कॉफीच्या भांड्याचा प्लग काढला. ऑर्गन पुन्हा भरून वाजू लागला.

बायका रडत होत्या. तुवा डोळे बारीक करून उजेडाकडे बघत होती. सिक्स्टेनने चष्मा काढला, पुसला, लावला, पुन्हा काढला.

"आलं," तो म्हणाला. "स्वतः आलं निरोपाला. एम्ब्ला, मी चुकलो. असं प्रेम ऊन कोणावर करत नाही."

"पेपरात लिहा," ती म्हणाली.

शेवटच्या कडव्याबरोबर ऊन आलं तसंच हळूहळू मावळलं. लोक निवलेल्या कॉफीकडे वळले. कोणी कुरकुरलं नाही.

एम्ब्ला तुवाला घेऊन चर्चच्या मागे गेली. या बाजूला एप्रिलपर्यंत ऊन पोचत नाही. गुडघाभर बर्फात एक शिडी खिडकीला टेकलेली होती, आणि रूनेकाका तिच्यावरून एकेक पायरी जपून उतरत होते. त्यांच्या खांद्यावर वायरचं वेटोळं होतं. खाली उघड्या पेटीत एक भलामोठा जुना दिवा अजून वाफाळत होता.

"कसं पडलं?" त्यांनी विचारलं.

"बाबांसारखं."

म्हातारा नाक पुसत हसला. त्याने दिव्यापुढची पांढरी चादर सोडवली, झटकली, घडी केली आणि बाळाच्या अंगावर टाकली.

"कड जराशी करपलीय, पोरी," तो म्हणाला. "बेटावर तुझी चादरही अशीच करपली होती."