ग्लासाखालचा रुमाल

रुपालीनं दुसरा ग्लास अभयपुढे ठेवला आणि कागदी रुमाल त्याच्या डावीकडे सरकवला. डावीकडे म्हणजे फळांचा वास. उजवीकडे म्हणजे लाकूड, तंबाखू, मिरी. आणि ग्लासाखाली रुमाल म्हणजे वाइन बिघडलेली.

अभयनं ग्लास फिरवला, नाकाजवळ नेला, डोळे मिटले.

"जांभूळ," तो म्हणाला. "पिकून झाडाखाली पडलेलं."

घोट तोंडात घोळवून त्यानं भांड्यात थुंकला. "तुरटपणा मऊ आहे. पण या किमतीला नको. हिच्या तोडीची निम्म्या भावात मिळेल."

"काट मारली," जान्हवी म्हणाली. मुळशी धरणाच्या काठावरच्या या रिसॉर्टची सगळी खरेदी ती बघायची. यंदाच्या लग्नांसाठी महागड्या रेड वाइन घ्यायच्या होत्या आणि कुठली घ्यायची, ते अभयच्या नाकावर ठरणार होतं. त्या नाकावर त्याची नोकरी होती.

ते नाक गेलेलं आहे, हे फक्त रुपालीला ठाऊक होतं.

गेल्या श्रावणातल्या तापात अभयचा वास गेला तो परत आलाच नाही. नोकरी जाईल या भीतीनं त्यानं बायकोलाही सांगितलं नाही. डिसेंबरात ओवी गेली, त्या दिवशी हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बसून त्यानं ते पहिल्यांदा सांगितलं. चार वर्षांची लेक गेली होती आणि नवरा लहान पोरासारखा रडत होता. तेव्हापासून रुपाली मदतनीस म्हणून त्याच्याबरोबर यायची. ओतायच्या आधी ती हुंगायची आणि रुमाल ठेवायची. आंबट, तुरट, कडू त्याच्या जिभेला कळायचं. बाकीचं सगळं तिचं नाक बघायचं.

"घरात भिंतीवर पंचशील लावलंय आन् सून दारू हुंगायला जातीया," सकाळी सासूबाई, अनुसया, विजेच्या शेगडीवर चहा ठेवता ठेवता कुरकुरायच्या. "ह्या शेगडीवर तर पानी उकळायलाबी लई येळ लागतोय."

परवा रुपालीची आमटी पार करपली होती. अभयनं एक शब्द न बोलता दोन वाट्या खाल्ल्या. तिला मोरीत जाऊन रडू आलं होतं.

तिसरा ग्लास. रुमाल उजवीकडे.

"मिरी आहे," अभय म्हणाला. "जुन्या लाकडी पेटीचा वास. ही घ्या. महाग आहे, पण पैसे वसूल."

"ही घेतली तर माझे साहेब मलाच पेटीत घालतील," जान्हवी हसली. "आता शेवटची. यादीतली सगळ्यांत महाग."

रुपालीनं हात पुढे केला.

"बसा हो ताई, मघापासून उभ्या आहात. मी ओतते." जान्हवीनं बाटली उचललीसुद्धा.

"नको, मला सवय आहे—"

"राहू द्या ओ!"

ग्लास सरळ अभयपुढे गेला. रुपालीच्या हातात रुमाल तसाच राहिला. असं झालंच तर खोकायचं आणि म्हणायचं, वाइनला जरा वारा लागू दे. तेवढ्यात ती हुंगून घेईल, असं दोघांचं ठरलेलं होतं. खोक ना, ती मनात म्हणाली. अभय, खोक.

अभय खोकला नाही. त्यानं ग्लास नाकाजवळ नेला आणि झटक्यात खाली ठेवला. चाखलीसुद्धा नाही.

"ही परत पाठवा. बूच खराब आहे. ओल्या पुठ्ठ्याचा वास मारतोय."

रुपालीनं ग्लास ओढून घेतला. ओला, कुबट पुठ्ठा. अगदी तोच.

वास परत आला! सगळ्यांदेखत त्याचा हात धरावा, असं तिला वाटलं. तिचा हात टेबलावर अर्ध्यापर्यंत गेलाही.

"तुम्ही पण ना सर!" जान्हवी म्हणत होती. "गेल्या दिवाळीतही असंच एका हुंगण्यात सांगितलं होतं. अख्खा खोका परत पाठवायला लावलात. आणि तेव्हा तर ताईही यायच्या नाहीत."

अभयनं जान्हवीकडे पाहिलं नाही. तो रुपालीकडे बघत होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"रुपा..."

टेबलावरचा हात तिनं हळूच मागे घेतला. दिवाळी श्रावणानंतरची, डिसेंबराच्या आधीची.

डिसेंबरातल्या त्या दुपारी ती आपल्या जुन्या नोकरीवर होती. गॅसच्या शेगडीची नळी गळत होती आणि आतल्या खोलीत ओवी झोपली होती. "मी शेजारच्याच खोलीत होतो, रुपा," हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर तिच्या मांडीत तोंड खुपसून तो म्हणाला होता. "मला वासच आला नाही."