खुर्चीवरचा रॉक अँड रोल

"खुर्चीवर बसून रॉक अँड रोल? लोक हसतील की रे!" ड्रम वाजवणारा डेनिस म्हणाला.

"हसू देत." नॉर्मनने स्वतःच आधी खुर्ची ओढली. "सगळेच बसलो, की सिडला वेगळं वाटणार नाही."

सिड बाहेरून स्पीकर उचलून आणत होता. नॉर्मन हात लावायला धावला, तर त्याने ढकलूनच दिलं. "सरक रे म्हाताऱ्या, मी आणतो." आजारी माणसाचा हट्ट. नॉर्मनला भरून आलं.

बार्न्सलीत यांचा ‘ड्रेनपाइप्स’ बँड कोणाला माहीत नव्हता? सगळे एकाच कोळसाखाणीतले. मखमली कॉलरचे लांब कोट, केसांना पाव किलो तेल आणि वीस वर्षांपूर्वीची गाणी. एकाहत्तर साली जुन्या गाण्यांचं वेड परत आलं आणि यांचं नशीब फळफळलं. समुद्रकाठच्या ब्लॅकपूलला सलग दोन उन्हाळे गाजवले, एकदा टीव्हीवरही झळकले. नॉर्मन पियानोवर चढून गायचा आणि पोरी किंचाळायच्या.

मग डिस्को आलं. आता कामगारांच्या क्लबात बिंगोच्या दोन डावांमध्ये यांना उभं करायचे. वाटाणे-सॉसेज तयार झाल्याची घोषणा झाली, की निम्मा क्लब गाणं सोडून रांगेत. पडत्या काळात कुत्रंही विचारत नाही म्हणतात, ते काही खोटं नाही.

डेनिस बँड बंद करायचं म्हणत होता. नॉर्मन ऐकेना.

मार्चमध्ये खाणीवर छातीचे फोटो काढणारी गाडी आली होती. सगळ्यांचे फोटो निघाले. पुढे डॉक्टरांनी सिडच्या बायकोला, फ्रेडाला बोलावलं. आमच्याकडे रीतच ती, वाईट बातमी बायकोला सांगायची, नवऱ्याला नाही. सोबतीला नॉर्मनची बायको एनिड गेली. परतली ती डोळे सुजवूनच.

"सिडचं काही खरं नाही," ती म्हणाली. "नाताळ निघाला तरी खूप. त्याला कळू द्यायचं नाही. बँड चालू ठेवा, पण बेतानं. उड्या नकोत, लांबचे कार्यक्रम नकोत."

स्वतःसाठी नॉर्मनने कोणाचं ऐकलं नसतं. सिडसाठी त्याने पियानोवर चढणं सोडलं, वरच्या पट्टीतली गाणी सोडली, सिगारेटसुद्धा सोडली. काळजीने जेवण जाईना, कोट खांद्यावरून ओघळायला लागला. सिड मात्र दोन-दोन ताटं चापायचा. नॉर्मन समोर आला की मात्र बिचाऱ्याला हमखास ढास लागायची.

सगळं करून आजार तिथंच होता. नॉर्मनच्या हातात काहीच नव्हतं. निदान सिड असेपर्यंत बँड तरी जगला पाहिजे, एवढंच त्याने धरून ठेवलं होतं.

त्या शनिवारी त्याने क्लबच्या सेक्रेटरीला, विल्फला बाजूला घेतलं. "आज वर्गणीची बादली फिरव ना. फ्रेडाला आधार होईल. मी सिडला बाहेर पाठवतो, मग तू बोल."

विल्फने बुटांकडे बघतच मान हलवली. "फिरवतो, नॉर्मन," म्हणाला. एरवी तोंडाचा पट्टा थांबत नाही त्याचा.

गाणी ठीक झाली. नॉर्मनला दोनदा धाप लागली, लोकांनी मात्र टाळ्या जरा जास्तच वाजवल्या.

"सिड, गाडीतून माझा स्कार्फ आण ना."

"तूही चल. दोघं जाऊ."

"हो पुढं, आलोच."

सिड दारातून बाहेर पडला. नॉर्मन मागे फिरला आणि पडद्याआड उभा राहिला. चार माणसं सिडसाठी खिशात हात घालताना त्याला डोळ्यांनी बघायची होती.

विल्फने माइकवर टिचकी मारली. "शांतता राखा, मंडळी! बिंगो दहा मिनिटांनी. वाटाणे संपलेत, उगीच विचारू नका."

लोक हसले. विल्फ हसला नाही.

"आता बादली येईल, सढळ हातानं टाका. पटकन उरकू या, कारण सिडनं नॉर्मनला बाहेर गाडीपाशी अडवून धरलंय. त्याला अजून काही ठाऊक नाही, आणि एनिडवहिनींची इच्छा आहे की शेवटपर्यंत ठाऊक होऊ नये."