दाव्याची गाठ

हौसा गवताचा भारा घेऊन गोठ्यात शिरली, तेव्हा गाय मोकळी होती आणि गाईच्या दाव्यानं सुनेला खांबाशी बांधलेलं होतं.

रुपा शेणातच बसली होती. हात पाठीमागे, खांबाला वेढलेले. खालचा ओठ फुटला होता, हनुवटीवरून रक्त साडीवर उतरलं होतं. दवाखान्यात जायला म्हणून तिनं ती चांगली साडी काढली होती.

कोणी बांधलं, हे हौसानं विचारलं नाही. भारा टाकून ती खांबामागे गेली. दावं नायलॉनचं. रुपानं हात ओढून ओढून गाठ दगडासारखी करून ठेवली होती. हौसानं नखं लावली, मग दात लावले. गाठ सैल होईना.

"एसटी गेली का?" रुपानं विचारलं.

"गेली."

"मी नुसतं सांगितलं त्यांना, मुरबाडला जाऊन येते म्हणून. बोलले, बाप्या डॉक्टरपुढं उघडी व्हायची नाय. तरी मी निघाले."

चार दिवसांपूर्वी न्हाणीत रुपानं हौसाचा हात धरून आपल्या छातीवर ठेवला होता. आत सुपारीएवढी गाठ होती. दाबली तरी हलत नव्हती.

हौसानं भाऱ्यात खोचलेला विळा काढला आणि दावं कापायला घेतलं. तेवढ्यात दारात उजेड अडला. सुयोग उभा होता, तिचा मुलगा.

"आये, मंधी येऊ नको. ती सुटली तर गाठ माझ्याशी हाय."

हौसा कापत राहिली. दाव्याचे पीळ एकेक तुटत होते. सुयोग दोन ढांगांत आत आला आणि त्यानं आईच्या कुशीत लाथ घातली. ती गव्हाणीवर जाऊन आदळली. विळा हातातून उडाला. ती श्वास घ्यायला धडपडत होती, तोवर त्यानं रुपाचे केस धरून तिचं डोकं खांबावर आपटलं.

"सगळ्या गावाला दाखवाची ना तुला? आदी मला दाखव. कुठं हाय?"

रुपा अंग चोरायला लागली. हात बांधलेले, चोरणार किती. त्यानं मूठ वळली आणि बरोबर तिथंच मारली. रुपाच्या तोंडून आवाजच फुटला नाही. तिचे डोळे नुसते पांढरे झाले. त्यानं पुन्हा मूठ उचलली.

कुऱ्हाड कुडाला टेकून उभी होती. हौसानं ती दोन्ही हातांनी उचलली. डोक्यावर नेताना पातं फिरवून मागे केलं आणि कुऱ्हाडीचा बोथट तुंबा त्याच्या मनगटावर घातला. वाळकं लाकूड फुटावं तसा आवाज झाला.

सुयोग खाली बसला. पंजा भलतीकडेच वळून लोंबत होता, त्याच्याकडे तो बघत राहिला. मग डावा हात विळ्याकडे गेला.

"उचल," हौसा म्हणाली. कुऱ्हाड तिनं पुन्हा वर धरली होती. "आता पातं फिरवाची नाय मी."

त्यानं विळा सोडला. ती तशीच त्याच्यावर नजर ठेवून वाकली, विळा उचलला आणि उरलेलं दावं कापलं. रुपाचे हात पुढे आले तेव्हा बोटं काळीनिळी पडली होती, मिटत नव्हती.

वैशाखऱ्याच्या फाट्यावर गावातल्या प्रणितची जीप उभी होती. टोकावड्यापर्यंतच जाणार होता तो. तिघांना बघून त्याचा हात चावीवरच राहिला.

"काय झालं, काकी?"

"मुरबाडला सोड. दवाखान्यात."

त्यानं चावी फिरवली. मागच्या बाकड्यावर हौसा मधे बसली. एका बाजूला सून, दुसऱ्या बाजूला मुलगा. खड्डा आला की सुयोग दातांवर दात दाबायचा. रुपा बाहेर बघत होती, एक हात छातीशी धरून. टोकावडं मागे पडल्यावर सुयोग खालच्या आवाजात म्हणाला, "आये, मी पडलो असं सांग. तीपण पडली. दोघं पडलो."

हौसा रुपाकडे सरकून बसली.

दवाखान्यात गर्दी होती. नर्सनं सुयोगचा हात बघितला आणि तिथूनच आत हाक मारली, "फ्रॅक्चर आहे, ह्यांना आधी घ्या."

"आदी ती," हौसा म्हणाली. "तो बसंल."

"अहो मावशी, त्यांचं हाड सरकलंय."

"बसंल तो."

नर्सनं रुपाच्या तोंडाकडे पाहिलं, मग मनगटांकडे. पडदा बाजूला करून तिला आत घेतलं.

आत डॉक्टर बाई होती. पडद्यातून तिचा आवाज बाकापर्यंत येत होता. कुठे दुखतं, कधीपासून आहे, असं विचारणं झालं.

"ही गाठ ठाण्याच्या मोठ्या दवाखान्यात तपासून घ्यावी लागेल," डॉक्टर म्हणाली. "घाबरू नका. पण छातीवर हा काळानिळा डाग कसला? आणि हाताला हे काय झालंय?"

बाकावर सुयोगनं श्वास रोखला. मग आतून रुपाचा आवाज आला. बारीक, अडखळत. सकाळी आंघोळ करून साडी नेसले, इथपासून तिनं सुरुवात केली.

सुयोग उठला. "रुपा," त्यानं पडद्याकडे तोंड करून दरडावलं.

हौसानं हात लांब केला आणि आपला पंजा त्याच्या मोडक्या मनगटावर ठेवला. नुसता ठेवला.

"बस," ती म्हणाली.

तो बसला. आत रुपा बोलत होती.